न पडलेलं पोर

कुरणवाडीच्या शाळेचे अध्यक्ष नानासाहेब वरपे बोलायला लागले की समोरच्याने नुसती मान हलवायची, अशी रीत होती. घुगेबाईंना ती मान्य नव्हती.

बाईंनी नववीच्या मुलांना टॅबवर एक खेळ लावून दिला होता. खेळात कधी मित्र, कधी मामा तंबाखू पुढे करायचा आणि मुलांनी न भांडता, न लाजता नकार द्यायचा. हे कळताच नाना भर वर्गात येऊन गरजले, "हे टॅब उद्या कपाटात जातील! असल्या खेळाने वाचलेलं एक तरी पोर दाखवा मला."

बाईंनी विचारलं, "नाना, शाळेमागच्या विहिरीला तुम्ही कठडा बांधलात. त्याने वाचलेलं एक पोर दाखवता?"

"अहो, कुणी पडलंच नाही, तर दाखवू कुठून?"

"मग पाडून टाकायचा का कठडा?"

वर्गात हसू फुटलं. नाना पहिल्या बाकावर टेकले आणि सवयीने चंची काढून तंबाखू मळू लागले. मळलेली तंबाखू एकट्याने खायची नाही, हा गावचा शिरस्ता. शेजारी कोण बसलंय हे न बघताच त्यांनी तळहात पुढे केला.

शेजारी नववीतला गोरख होता. तो उठून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "नको, नाना. मी खात नाही."

नानांचा हात तसाच राहिला.

बाई म्हणाल्या, "वाचलेलं पोर मागत होतात ना? हे बघा, आत्ताच वाचलं. तुमच्यापासून."