हरबाच्या गाडीचं पाणी

"मग पाणी जातं कुठं?" चाचांनी विचारलं.

"आत," रुपेश म्हणाला.

"आत म्हणजे?"

"इंजिनात. हेडचं गॅस्केट गेलंय. उद्या इंजिन उघडून हेड उतरवतो. तुम्ही फक्त हो म्हणा, उस्ताद. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय हा माणूस पाना लावू देत नाही."

हा माणूस म्हणजे हरबा चोगले. बंदरावर मासळी भरायची आणि कुंभार्ली घाट चढून कराडला पोचवायची, हा त्याचा धंदा. डिझेलची पिकअप, सात वर्षं चाललेली, पण इंजिन एकदाही न उघडलेलं.

पावसाळी बंदी उठून होड्या पुन्हा समुद्रात जायला लागून वीस दिवस झाले होते, आणि तेव्हापासूनच गाडीचं पाणी घटत होतं. अशा वेळी इंजिन उघडायला गाडी आठ दिवस उभी राहिली असती, तर तिच्या जागेवर दुसऱ्याची गाडी लागली असती. बंदरावर गेलेली जागा परत मिळत नाही. हरबा गमबूट घालून गाडीला टेकला होता आणि चाचांच्या तोंडाकडे बघत होता.

चाचा म्हणजे हसनमियाँ परकार. घाटाच्या पायथ्याला त्यांची पत्र्याची शेड. रुपेश घाग त्यांच्याच हाताखाली नऊ वर्षं शिकला, मग चिपळूणला त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. फरशी घातली, तपासायची मशिनं आणली. पोरगा हुशार, खोटं कशाला बोलू. मी शेजारी गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम करायचो, त्याने पहिलं इंजिन बांधलं तेव्हा मी तिथंच होतो.

रुपेशने काय काय बघितलं ते बोटांवर मोजत सांगितलं. रेडिएटर बघितला. सगळे रबरी होज दाबून बघितले. पंप बघितला. झाकण बदललं. हातपंपाने रेडिएटरात हवा भरली, तर दाबाचा काटा हळूहळू खाली येतो, पण जमिनीवर एक थेंब नाही. रोज लिटरभर पाणी कमी होतं.

"बाहेर पडत नाही म्हणजे आत जातं. तिसरी वाट आहे का?"

चाचा इंजिनावर वाकले. तेलाची पट्टी ओढून त्यांनी बोटावर घासली.

"पाणी मिसळून तेल पांढरं झालंय?"

"नाही."

"पांढरा धूर?"

"अजून नाही. सुरुवात आहे, उस्ताद."

"वीस दिवस सुरुवातच आहे?"



चाचांनी रेडिएटरचं झाकण उघडून आत बघितलं. पाणी नळासारखं साफ. कूलंटचा हिरवा रंग कधीच उडून गेला होता. हरबा खाली बघून म्हणाला, की वाटेत हॉटेलच्या नळाचंच भरतो, रोज जाणारच आहे तर त्यात रंगीत कशाला ओतायचं. रुपेशने त्याला दोन शब्द सुनावले. चाचांनी सुनावलं नाही. झाकण लावलं.

"एक फेरी मारू. घाटात."

"उभ्या गाडीवर सगळं कळलंय, उस्ताद."

"मग चालत्या गाडीवर काय कळतं ते बघू…"

हरबा एकटाच गाडी चालवायचा. त्याच्या डाव्या हाताला माणूस कधी बसत नसे. तिथं खाली बर्फाचा थर्माकोलचा डबा असायचा, गिऱ्हाइकांच्या खास पापलेटचा. हरबाने डबा उचलून मागे ठेवला. खालचं रबरी मॅट ओलं होतं, खवले चिकटले होते. ओशाळून त्याने फडकं काढलं.

"राहू दे," चाचा म्हणाले, आणि दारापाशी चपला काढून अनवाणी आत चढले.

हे त्यांचं नेहमीचं. रिक्षा असो की डंपर, दुसऱ्याच्या गाडीत चढताना चाचा चपला बाहेर काढून ठेवत. आम्ही सगळे हसायचो. रुपेशही हसला.

"उस्तादांना सगळ्या गाड्या दर्ग्यासारख्या," तो हरबाला म्हणाला आणि जाड तळव्याचे बूट घालून मध्ये बसला. तिघं गेले.

घाटातलं मी हरबाकडून ऐकलं.

तो म्हणाला, चाचांनी ना तापमानाच्या काट्याकडे बघितलं, ना इंजिनाला कान दिला. खिडकीतून डोंगर बघत होते. रुपेश आपल्या मशिनाचं सांगत होता, कुठल्या गाडीचा काय बिघाड ते कसं पटकन दाखवतं, आणि चाचा हं हं करत होते. तिसऱ्या वळणानंतर ते हं म्हणायचे थांबले. एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला. थोड्या वेळाने परत खाली टेकवला. डोळे मिटले. हरबाला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली.

वर चहाच्या टपरीपाशी चाचा म्हणाले, फिरव.

गाडी शेडपाशी येऊन थांबली. हरबा उतरला. चाचा बसूनच राहिले, म्हणून मधला रुपेशही बसून राहिला.

"रुपेश, बूट काढ."

"का?"

"काढ…"

त्याने बूट काढले. तोंड जरा वाकडं करूनच.

"मोजेपण."

मोजे काढून त्याने पाय मॅटवर ठेवला आणि लगेच उचलला.

"ओलं आहे."

"हं."

"मासळीची गाडी आहे, उस्ताद. ओली असणारच."

"बर्फाचं पाणी हाय ते," हरबा बाहेरून म्हणाला. "रोजचंच."

मी पान्याचा आवाज बंद केला.

रुपेशने पाय परत खाली ठेवला. या वेळी ठेवून दिला. बोटं पसरली, टाच दाबली. आपल्याच पायाकडे असा बघत होता, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे.

"कोमट आहे," तो म्हणाला.



"बर्फाचं पाणी कोमट कसं असेल…" हे त्याने कोणाला विचारलं नव्हतं.

मग चाचांपाठोपाठ तो खाली उतरला, अनवाणीच. मॅट ओढून काढलं. खालचा स्पंज पाण्याने फुगला होता, पिळला तर धार लागली. त्याने डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं, हात आत सरकवला. कोपरापर्यंत हात गेला आणि थांबला. बाहेर आला तेव्हा बोटाच्या टोकाला एक थेंब होता. त्याने तो जिभेला लावला आणि थुंकला.

"हिटर," तो म्हणाला.

डॅशबोर्डच्या आत हिटरचा लहानसा रेडिएटर असतो, इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरून येतं. त्याला कुठंतरी बारीक भोक पडलं होतं. थेंब गाडीच्या आतच पडत होता, म्हणून जमिनीवर काही दिसत नव्हतं. वास मासळीच्या वासात बुडाला होता. आणि ओल तर त्या गाडीत पहिल्या दिवसापासून होती, तिच्याकडे बघतं कोण.

"पण कोकणात हिटर कोण लावतो?" रुपेश म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. "याने सात वर्षांत एकदा तरी लावला असेल का?"

हरबाने मान हलवली. गाडीत तसलं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"कोणी लावत नाही," चाचा म्हणाले. "पाणी मात्र रोज तिथं जाऊन येतं."

पुढचं काम रुपेशने केलं. चाचांनी पान्याला हातही लावला नाही. रुपेशने इंजिन निवू दिलं, हिटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडवल्या, आणि एक होजचा तुकडा वाकवून पाण्याला इंजिनातल्या इंजिनात परतायची वाट करून दिली. दोन क्लिपा आवळल्या. कूलंट भरलं. नवं गॅस्केट त्याच्या गाडीच्या डिकीत होतं, खोक्यातच राहिलं.

मग हातपंप लावून चौघं काट्याकडे बघत बसलो. एक विडी संपली, दुसरी संपली. काटा जागचा हलला नाही.

हरबा त्या काट्याकडे नवस फेडायला आल्यासारखा बघत होता. दुपारच्या होड्या लागायला अजून दोन तास होते. पैशाचं काही बोलायला गेला, तर चाचांनी रुपेशकडे बोट दाखवलं, आणि रुपेशने हात जोडले. गाडी बंदराच्या रस्त्याला लागली.

रुपेश फळीवर बसला. पाय पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं, काळं तेल आणि एक खवला तळव्याला तसाच चिकटलेला.

"उद्या मी ते इंजिन उघडलं असतं," तो म्हणाला.

चाचांनी बशीत चहा ओतला.

"नऊ वर्षं मी तुमच्याबरोबर गाड्यांत बसलो. दर वेळी तुम्ही चपला काढायचात. आम्हाला वाटायचं, अदब म्हणून काढता." तो जरा थांबला. "खरं कारण तेव्हाच सांगितलं असतंत, उस्ताद, तर…"

चाचांनी बशीवर फुंकर घातली. एक घोट घेतला.

"अदब म्हणूनच काढतो, बाळा."