पट्टी उजवीकडे घेतली त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा वेबसाइटवाला होता. गाव कासारखेड. वेबसाइटवाला म्हणजे मी. भोळा हे आई म्हणायची, बाकीचे लोक दुसरा शब्द वापरायचे.

माझं वय चौतीस आणि लग्न व्हायचं होतं. गावात लग्नं जुळवायच्या त्या प्रमिलाकाकू. त्यांचं 'गाठभेट वधूवर मंडळ' होतं, मंडळाची वेबसाइट होती आणि काकूंना रेवती नावाची मुलगी होती. रेवती मला फार आवडायची. तिला हे माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, "दिगू, काकूंचं काम मन लावून कर. त्यांच्या मनात भरलास तर रेवतीचंही जमेल." म्हणून मी मन लावून कामाला लागलो. खरं तर मन न लावता केलं असतं तर बरं झालं असतं.

काकू म्हणाल्या, "ही मुलींच्या नावांची पट्टी पानावर डावीकडे आहे ना, ती उजवीकडे घे. लोकांना तिकडं दिसत नाही."

मी थीमची, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्याची, फाइल उघडली, पट्टीचा कोड कापला आणि त्याच फाइलीत पार उजव्या कडेला नेऊन चिकटवला. वेबसाइट पांढरी झाली. नीळ घालून धुतल्यासारखी.

मी सांगलीला विनूदादाला फोन लावला. मला पंधरा दिवसांत हे सगळं शिकवलं ते त्यानंच. तो म्हणाला, "अरे, थीमच्या मूळ फाइलीला हात लावायचा नसतो. थीममध्ये ठिकठिकाणी हुक असतात, भिंतीला खुंट्या असतात तसे. आपला कोड वेगळ्या फाइलीत लिहायचा आणि पाहिजे त्या हुकला अडकवायचा."

त्यानं मूळ फाइल होती तशी करून दिली आणि मी पट्टी उजवीकडच्या हुकला अडकवली. छान दिसली. डावीकडचीही होती तिथंच छान दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी काकूंना एका गृहस्थांचा फोन आला. "मुलगी पसंत आहे हो. पण जुळ्या आहेत हे आधी सांगायला हवं होतं. आमचा मुलगा एकच आहे."

विनूदादा म्हणाला, "नव्या जागी अडकवायच्या आधी जुन्या जागचं काढायचं. नाहीतर दोन दिसणारच." मी वहीत लिहून ठेवलं: आधी जुनं काढावं, नाहीतर दोन दिसतात.

आठवड्यानं काकूंनी पाच नव्या मुलींची माहिती दिली. मी वही पाहिली आणि आधी जुन्या बासष्ट मुली काढल्या.

"दिगू, बाकीच्या मुली कुठं गेल्या?"

"काढल्या, काकू."

"का रे?"

"जुन्या झाल्या होत्या."

काकूंच्या शेजारी त्या बासष्टांतल्या एकीची आई बसलेली होती. ती चहा न घेताच उठली.

काकूंनी मला समोर उभं केलं. "हे बघ. लग्न ठरल्याशिवाय पट्टीतून कुणालाही काढायचं नाही. कुणालाही." मी वहीत 'कुणालाही' दोनदा लिहिलं आणि बासष्टच्या बासष्ट मुली परत घातल्या.

आता थीमबरोबर एक नमुना येतो, माहिती कशी दिसेल ते दाखवायला. तो पट्टीच्या तळाशी होता. नाव: नमुना वधू. वय: शून्य. अपेक्षा: येथे मजकूर लिहा. विनूदादाला तो दिसला. म्हणाला, "ती नमुना वधू काढून टाक की." मी म्हणालो, "तिचं अजून ठरलं नाही, दादा." महिन्याभरात तिला तीन स्थळं आली. एका मुलाच्या आईनं कळवलं होतं की, मुलीच्या काही अपेक्षा नाहीत हे वाचून समाधान वाटलं.

मग एका रविवारी काकूंनी घरी बोलावलं. मला वाटलं, काम गेलं. रेवतीनं पोहे आणले आणि ती तिथंच बसली. एरवी ती बशी ठेवून आत जायची.

काकू म्हणाल्या, "दिगू, तू चुकतोस खूप. पण तुझ्या मनात खोट नाही. आमच्या रेवतीला यंदा उजवायचंय. म्हटलं आधी तुलाच विचारावं. तुझं काय म्हणणं?"

"त्यात विचारायचं काय, काकू? आजच उजवतो."

रेवतीनं मान खाली घातली. काकू हसल्या. "अरे, आज कसं? मुहूर्त बघायला हवा. तुझ्या आईशी बोलायला हवं."

"मुहूर्त कशाला? दोन ओळींचं काम आहे. आणि आईला यातलं काही कळत नाही."

घरी आलो तो थेट कामालाच बसलो. रेवतीसाठी मी विनूदादाला विचारून उजवीकडचा वेगळा हुक शोधला. फोटो, शिक्षण, काकूंचा नंबर, सगळं अगदी वर, उजवीकडे, वेबसाइटच्या प्रत्येक पानावर. आयुष्यात पहिल्यांदा माझा कोड एका फटक्यात चालला.

दुसऱ्या दिवशी रेवती माझ्या दुकानात आली. "आईनं मला उजवायचं म्हटलं होतं ना तुला?"

"हो. उजवलं की. बघ."

तिनं स्क्रीनवर स्वतःचा फोटो पाहिला. मग म्हणाली, "तुझ्या डावीकडे काय वाईट दिसले असते मी?" आणि गेली. मला वाटलं, तिला रंग आवडला नसेल. मी रंग बदलला.

आठ दिवसांत तिला एकेचाळीस स्थळं आली. त्यातलं एक, विट्याचे गुरांचे डॉक्टर, ठरलं. काकूंनी फोन केला. "रेवतीला काढ आता तिथून."

"नक्की ठरलं ना, काकू?"

"काढ म्हटलं ना."

मी काढलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पुन्हापुन्हा मनात येत होतं की काकूंनी मला एकदा विचारायला काय हरकत होती?

लग्नाला आईबरोबर गेलो. पुढच्याच रांगेत बसलो. सप्तपदी झाली. गुरुजी म्हणाले, "आता वधूनं वराच्या डाव्या बाजूला बसावं." माझं लक्ष कुठंतरी होतं. 'डाव्या बाजूला' एवढंच कानात शिरलं आणि तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "आधी उजवीकडून काढा गुरुजी, नाहीतर दोन दिसतील."

मांडव हसला. डॉक्टरही हसले. रेवतीनं फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं.

परत येताना आई पुढं पुढं चालत होती. मीच म्हणालो, "काकूंनी मला एकदा विचारायला हवं होतं गं."

आई रस्त्यात थांबली. "पोहे खायला घालून, मुलीला समोर बसवून, आमच्या रेवतीला उजवायचंय म्हणाल्या ना त्या?"

"हो. म्हणून तर उजवीकडे घेतली."

"अरे गाढवा, मुलगी उजवायची म्हणजे तिचं लग्न लावून द्यायचं. तुला देत होत्या ती."

मी तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात विनूदादाचा फोन आला. "काय रे, उजवीकडचा तो हुक लागला का शेवटी?"

"हुक लागला, दादा," मी म्हणालो. "मी हुकलो."