न वितळणारी तार

गावात पहिल्यांदा वीज आली, त्या वर्षी टिपणीसांच्या घरात, लाकडी पेटीत, चिनीमातीचा एक फ्यूज बसला. भार वाढला की त्याच्या पोटातली बारीक तार वितळायची, घर अंधारायचं आणि भिंतीतल्या वायरी वाचायच्या. पन्नास वर्षं त्याने हेच केलं.

मग घरात गिझर आला, एसी आला आणि फ्यूज आठवड्यातून दोनदा उडू लागला. वायरमन मुकादमने पेटी उघडून पाहिली. "वायरींच्या रबराचा भुगा होतोय, काका. पेटीसकट सगळं बदला."

"इतक्या वर्षांत काही झालं नाही," टिपणीसकाका म्हणाले. मुकादम गेल्यावर त्यांनी स्वतःच फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार पिळून बसवली.

"आता तुला कधी उडावं लागणार नाही," तार म्हणाली.

"उडणं हेच माझं काम आहे," फ्यूज म्हणाला. "तू वितळणार कधी?"

"कधीच नाही."

महिनाभर दिवे एकदाही गेले नाहीत. काका शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत. एका दुपारी एसी चालू असताना भिंतीतल्या वायरी ओरडल्या, "आम्ही जळतोय, वीज तोड." फ्यूजने जिवाचा आटापिटा केला, पण तार तसूभरही वितळली नाही. काका बाजारात होते. आतल्या खोलीत काकू झोपल्या होत्या.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

"फ्यूज का नाही उडाला?" काकांनी मुकादमला विचारलं. त्याने काळवंडलेली पेटी त्यांच्यापुढे उघडली. काकांनी आपली तार ओळखली. फ्यूजला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.