नेब्रास्काचा औषधवाला

"पण तुमचं नाव किती लोकांना माहीत आहे?"

क्लिफर्डने हे विचारलं तेव्हा ऑर्विल डॅगेट अंड्याचं सँडविच खात होते. त्यांनी तोंडातला घास संपवला, जरा आठवून बघितलं आणि म्हणाले, "घरमालकिणीला माहीत आहे."

साल एकोणीसशे बावन्न. लॉस एंजेलिसमधल्या एका स्टुडिओच्या फाटकासमोरचं छोटंसं हॉटेल. डॅगेट सिनेमात किरकोळ कामं करायचे. एकशे चाळीस सिनेमे झाले होते त्यांचे, आणि एकातही ते नायक नव्हते. कधी पोस्टमास्तर, कधी न्हावी, कधी औषधवाला. दोन मिनिटं यायचं, नायकाला पत्ता सांगायचा, की झालं काम. तरीही अडलेले नवे नट यायचे ते त्यांच्याकडेच. का यायचे, देव जाणे. हा माणूस धड उपदेशसुद्धा करत नसे.

क्लिफर्ड तर चांगलाच अडला होता. शिकागोच्या नाटकांतला नायक, उंचापुरा, देखणा, आणि तोरा तर विचारूच नका. स्टुडिओने त्याला सात वर्षांचा करार देऊ केला होता, पण तो असल्याच बारीकसारीक कामांचा. संध्याकाळी पाचपर्यंत सही करायची, नाहीतर गाशा गुंडाळून शिकागोला परत. सही केली तर जन्मभर आपल्याला कुणी ओळखणार नाही, या धास्तीने त्याला दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

"सांगा ना. करू सही?"

डॅगेटनी सँडविचचा आणखी एक घास घेतला.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची एक बाई उठून जवळ आली. साधीशी, परगावची, पर्स छातीशी घट्ट धरलेली. डॅगेटना बघून तिला कोण आनंद झाला.

"तुम्ही आमच्या गावचे औषधवाले ना? नेब्रास्काचे?"

नेब्रास्कात डॅगेटनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. बाईने त्यांना कधीतरी पडद्यावर औषधाच्या बाटल्या देताना पाहिलं असणार, आणि तो चेहरा तिच्या डोक्यात थेट गावच्या दुकानात जाऊन बसला असणार. ती भडाभडा बोलत सुटली. आईचा खोकला हटता हटत नव्हता, तुम्ही दिलेल्या औषधाने गेला. पण मग तुम्हीच गाव सोडून गेलात, आणि आभार मानायचे राहिले ते राहिलेच. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

डॅगेट उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आई कशा आहेत आता?"

"ठणठणीत."

"थंडीत जपा त्यांना."

बाईने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. जाताना रीत म्हणून क्लिफर्डकडेही बघून हसली. त्याने मान ताठ करून आपलं पूर्ण नाव सांगितलं, शिकागोत आपण नायक होतो हेही सांगितलं. तिने बिचारीने खूप आठवून पाहिलं, मग माफ करा, नाही लक्षात येत, म्हणाली आणि गेली.

क्लिफर्डच्या अंगाचा तिळपापड झाला. एकशे चाळीस सिनेमे केलेल्या माणसाने आपण नट आहोत एवढंही सांगू नये?

"तुम्ही फसवलंत तिला."

"तिचे आभार मानायचे राहिले होते," डॅगेट म्हणाले. "कुणीतरी घ्यायला नकोत?"



डॅगेटनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि उरलेलं सँडविच हातात घेतलं.

पाचला दहा मिनिटं होती, तेव्हा क्लिफर्डने ते पेन उचललं.

पुढे तीन वर्षांनी एका दुपारी तो त्याच हॉटेलात धावतपळत आला. हसू आवरेना त्याला. बसमध्ये एका म्हाताऱ्याने त्याचं कोपर पकडलं होतं. क्लिफर्डने नुकतंच कुठल्याशा सिनेमात शाळामास्तराचं दोन मिनिटांचं काम केलं होतं, आणि म्हातारा त्याला आपल्याच गावचा मास्तर समजून बसला. नातवाला गणितात दोन मार्कांनी नापास केलंत, पोरगं जेवायचं थांबलंय, तुम्हाला काळीज आहे की नाही, म्हणून त्याने भर बसमध्ये क्लिफर्डची बिनपाण्याने केली.

"ओळख ना पाळख, आणि मला झापतोय हो," क्लिफर्ड डोळे पुसत म्हणाला. "मास्तर समजला मला, खराखुरा मास्तर."

डॅगेट हसले नाहीत. त्यांनी सँडविच बशीत ठेवलं आणि काळजीने विचारलं,

"मग? केलंस ना पोराला पास?"