माशावर सोडलेलं पाणी

“मास्तर, मोठा मासा राहतो तरी कुठं?”

“पाण्यात.”

अभिराम पोतनीसनं रिळाची दोरी गुंडाळून घेतली. आल्यापासून तो रोज हेच विचारत होता, रोज हेच उत्तर ऐकून मुकाट गळ टाकत होता. आज त्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी त्याला न्यायला गाडी येणार होती.

होडी मेक्सिकोतल्या एका आडबाजूच्या धरणात उभी होती. चहूकडे बोडके डोंगर, उन्हाळ्यानं खाली गेलेलं पाणी, आणि त्यातून वर आलेले बुडीत झाडांचे वाळके शेंडे. दुसरी होडी नाही की माणसाचा आवाज नाही.

शिळीमकर मास्तर जन्मले वेल्ह्याकडच्या एका खेड्यात. आयुष्य गेलं मालवाहू बोटींच्या इंजिनांपाशी, आणि म्हातारपणी हा माणूस या धरणाच्या काठी घर बांधून राहिला. बास नावाचा मासा गळानं कसा धरावा हे शिकायला त्यांच्याकडे लांबलांबून लोक येत. तिथली मंडळी त्यांना ‘माएस्त्रो’ म्हणायची. आपल्या लोकांनी त्याचा सरळ मास्तर करून टाकला. येणाऱ्यांपैकी निम्मे वैतागून परत जात, कारण मास्तर शिकवत काहीच नसत.

अभिराम ह्यूस्टनहून आला होता. तिकडे मोठ्या हुद्द्यावर होता, आणि मासेमारीतही आपला हात धरणारा कुणी नाही असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं. अख्ख्या आळीला पुरतील एवढे रॉड त्यानं आणले होते. पाण्याखालचा मासा दाखवणारं एक यंत्रही आणलं होतं. ते सारखं टीं टीं करी. पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्या यंत्रावर आपली टोपी ठेवली, ती अजून तशीच होती.

“आज तरी जागा सांगा,” अभिराम म्हणाला. “दहा पौंडांच्या वरचा एक बास मिळू दे. मग बास.”

मास्तर हसले.

“अरे, माशाचं नावच बास आहे. तरी तुम्हा लोकांचं कधी बास होत नाही.”

“मला एकच हवाय.”

“सगळ्यांना एकच हवा असतो... भिंतीवर लावणार?”

“नाही. बाबांच्या हातात देणार.”

मास्तरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे मान वळवून पाहिलं.

मग अभिरामनं सांगून टाकलं. इतके दिवस या माणसापुढं ऐट केली होती, ती सगळी बाजूला ठेवली.

त्याचे वडील पुण्याला त्याच्या थोरल्या बहिणीकडे असत. गेली काही वर्षं त्यांना विसरायला होत होतं. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. गेल्या खेपेला अभिराम गेला तेव्हा त्यांनी स्वतः दार उघडलं. त्याच्याकडे बघून अदबीनं हसले आणि म्हणाले, “या ना. बसा. आपण कुठून आलात?”

“अहो म्हणतात मला,” अभिराम म्हणाला. “माझा बाप मला अहो म्हणतो, मास्तर.”

“हं...”

“पण त्याच दिवशी ताईनं बाजारातून मासा आणला. बाबा उठून ओट्यापाशी गेले, कल्ला उघडून बघितला आणि म्हणाले, ‘कालचा आहे. फसवलं तुला.’ मुलाचं नाव आठवत नाही, पण मासा आठवतो! म्हणून म्हटलं, असा मासा न्यावा की बघताक्षणी... निदान एकदा तरी...”

“फोटो दाखव.”

“दाखवले. फोनवरून बोट फिरवतात आणि बाजूला ठेवतात. हातात वजन लागलं पाहिजे. इथल्या गावात एक जण माशात पेंढा भरून देतो. त्याच्याशी बोलून ठेवलंय.”

मास्तरांनी वल्ह्याच्या एका फटक्यानं होडीचं तोंड वाळक्या झाडांकडे वळवलं.

अभिरामनं गळ टाकला. रबरी गांडूळ शेंड्यांच्या मधोमध टुबकन पडलं आणि हळूहळू खाली गेलं.

ते बुडताना त्याला भोरची नीरा आठवली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाबा कचेरीतून परस्पर नदीवर यायचे. वेळूची काठी, कणकेच्या गोळ्या, डोक्यावर ओला पंचा. काठावर बापलेक बसलेले. पोरानं जरा तोंड उघडलं की बाबा म्हणत, “अरे गप. मासे ऐकतायत.” आणि मग स्वतःच खुसूखुसू हसत. संध्याकाळी आई चिंच घालून कालवण करायची आणि बोटभर माशाचं बाबा असं कौतुक करायचे की शेजारचे वाटी घेऊन यायचे. काय दिवस होते ते! त्या नदीत पुन्हा पाय बुडवायला मिळावेत म्हणून अभिरामनं आपले सगळे रॉड त्याच क्षणी कुणालाही देऊन टाकले असते. त्याहून जास्त त्याला ते ‘अरे गप’ हवं होतं.

दोरी ताठ झाली.

रॉड कमानीसारखा वाकला, रीळ किंचाळलं. अभिराम भानावर आला तोवर मासा झाडांकडे निघाला होता.

“खेचू?”

मास्तर गप्प.

“सोडू थोडी?”

मास्तर गप्पच.

मग अभिरामनं विचारणं सोडलं. मासा ओढी तेव्हा त्यानं दोरी दिली, मासा दमे तेव्हा घेतली. घाम डोळ्यांत उतरला, हात भरून आले. एकदा मासा पाण्याबाहेर उसळला. असा मासा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

जाळीनं होडीत घेतला. वजनकाट्याला लावला. काटा दहाच्या बराच पुढं जाऊन थांबला.

“मास्तर!”

अभिराम लहान पोरासारखा हसत होता. रडतही होता थोडासा.

मास्तर माशाकडे बघत होते. मासा फळीवर पडून कल्ले उघडझाप करत होता.

“आता पाणी सोड त्याच्यावर,” ते हलकेच म्हणाले.

“हो हो!” अभिराम लगबगीनं वाकला, पाण्याचा मग भरला आणि माशावर पाणी ओतलं. पाठोपाठ दुसरा ओतला. तिसरा ओतताना वर बघितलं, तर मास्तरांची नजर त्याच्यावरच खिळलेली.

“एवढं पुरे?”

“किती वर्षं झाली तुला मराठी मुलखातून येऊन?”

अभिरामचा मग हातातच राहिला. आपण काय ऐकलं आणि काय केलं, ते त्याला आत्ता कळलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“नाही,” तो म्हणाला. “नाही, मास्तर. ह्याच्यावर नाही.”

“मासा तुझा. तू ठरव.”

“तुम्हाला सांगायला काय जातं?”

मास्तरांनी झाडांच्या शेंड्यांकडे बघितलं.

“आमचं गाव धरणात गेलं. निघायच्या दिवशी बैलगाडीत सामान भरलं, माणसं बसली. वडील एकटे मागं फिरले. नदीचं पाणी ओंजळीत आणलं आणि उंबऱ्यावर सोडलं. दान देताना सोडतात तसं. धरणाचं पाणी नंतर आलं... आम्ही आधीच सोडलं होतं.”

“मग सात समुद्र ओलांडून परत धरणाच्याच काठी का राहिलात?”

प्रश्न अभिरामच्या तोंडून तिरमिरीत निघाला. निघाल्यावर त्यालाच कसंसं झालं.

पाणी होडीला चुबुक चुबुक लागत होतं.

“वडिलांचं सुटलं,” शेवटी मास्तर म्हणाले. “माझं नाही सुटलं.”

“मग मला कशाला सांगता?”

“बघ ना... कोण बसलंय तुझ्यासमोर.”

अभिरामनं बघितलं. पांढऱ्या दाढीचा एकटा म्हातारा, परमुलखात, दुसऱ्या कुणाच्या बुडालेल्या गावाच्या पाण्यावर बसलेला. इतके दिवस हा माणूस त्याला गूढ वाटला होता. आज पहिल्यांदाच त्याला त्यांची कणव आली.

माशाचे कल्ले मंदावले होते.

“पेंढा भरलेला मासा नेशील,” मास्तर म्हणाले. “देशील त्यांच्या हातात... ते काय करतील पहिल्यांदा?”

अभिरामच्या डोळ्यांपुढं ओटा आला. बाबांची वाकलेली पाठ, आणि कल्ल्याखालच्या पेंढ्यात घातलेलं बोट.

त्यानं दोन्ही हातांनी मासा उचलला, होडीच्या काठावर ओणवा झाला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले.

मासा जाईना. त्याच्या तळव्यांमध्ये नुसता राहिला, डुलत.

“जात नाहीय.”

“तू धरलायस.”

“नाही हो. हात उघडेच आहेत.”

“मग राहू दे जरा. श्वास घेतोय.”

दोघं वाट बघत राहिले. अभिरामला तळव्यांवर कल्ल्यांची हालचाल जाणवत होती. आधी तुटक, मग संथ. मग शेपटी एकदा हलली, पाण्याचा एक सपकारा त्याच्या तोंडावर बसला, आणि मासा गेला. खाली, अंधाऱ्या पाण्यात, बुडालेल्या झाडांकडे.

अभिराम तसाच ओणवा राहिला. पाठ थरथरत होती. मास्तरांनी ती थोपटली नाही. रडणाऱ्याला रडू द्यावं, एवढं त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं.

बऱ्याच वेळानं तो उठून बसला. तोंड पुसलं.

“आता संध्याकाळची गाडी,” तो म्हणाला. “मग विमान. मग पुणं... दार उघडतील आणि म्हणतील, या, बसा.”

“म्हणतील.”

“फोटो त्यांना कळत नाही. काट्यावरचा आकडा कळत नाही. आणि मासा तर गेला...” त्यानं ओल्या तळव्यांकडे बघितलं. “केवढा होता, ते त्यांना कळणार तरी कसं, मास्तर?”

मास्तरांनी इंजिनाची दोरी हातात घेतली, पण ओढली नाही.

“हात पसर,” ते म्हणाले. “आणि वीतभर जास्तच पसर.”