टिंबूचा घास

एक होता टिंबू.
टिंबाएवढा. नाही, टिंबाहूनही लहान. दिसायचाच नाही.
टिंबू जंतू होता. चांगला जंतू.
जुईच्या पोटात राहायचा. खाली, आतड्याच्या घडीत.

जुई रोज ताकभाकरी खायची. भाकरीतला कोंडा खाली यायचा.
टिंबू कोंडा खायचा आणि जुईला बळ द्यायचा.
मग जुई उड्या मारायची. धप! धप! धप!

एकदा काय झालं? जुईला ताप आला.
औषध आलं. वाईट जंतूंना म्हणालं, "चला, निघा!"
वाईट जंतू पळाले. ताप गेला.
पण औषध होतं घाईत. त्याने टिंबूच्या भावंडांनाही हाकललं.
उरला एकटा टिंबू.

आता जुईला रोज भाताची पेज. सकाळी पेज. दुपारी पेज.
पेज वरच संपायची. खाली काही यायचंच नाही.
टिंबूचा घास गेला!

टिंबू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.
आतड्याकडे गेला.
"आतडोबा, आतडोबा, घास दे.
टिंबूला घास मिळेना.
दमला हो टिंबू! हुश्श!"
आतडं म्हणालं, "मीपण दमलो. पोट ढकलेल, तेव्हा मी देईन."

टिंबू चढला वर. लुटुलुटु, लुटुलुटु.
"पोटोबा, पोटोबा, घास ढकल.
आतडं देईना,
टिंबूला घास मिळेना.
दमला हो टिंबू! हुश्श!"
पोट म्हणालं, "मीपण दमलो. दात चावेल, तेव्हा मी ढकलेन."

टिंबू चढला आणखी वर. लुटुलुटु, लुटुलुटु.
"दातोबा, दातोबा, घास चाव.
पोट ढकलेना,
आतडं देईना,
टिंबूला घास मिळेना.
दमला हो टिंबू! हुश्श!"
दात म्हणाला, "पेजेत काय चावू? हात भाकरी उचलेल, तेव्हा मी चावेन."

टिंबू आला बाहेर. लुटुलुटु, लुटुलुटु.
"हातोबा, हातोबा, घास उचल.
दात चावेना,
पोट ढकलेना,
आतडं देईना,
टिंबूला घास मिळेना.
दमला हो टिंबू! हुश्श!"
हात पांघरुणावर पडला होता. म्हणाला, "बाबा थापेल, तेव्हा मी उचलेन."

बाबा चुलीपाशी पेज ढवळत होता. टिंबू त्याच्या कानात शिरला.
"बाबा, बाबा, भाकरी थाप.
हात उचलेना,
दात चावेना,
पोट ढकलेना,
आतडं देईना,
टिंबूला घास मिळेना.
दमला हो टिंबू! हुश्श!"
बाबा हळूच म्हणाला, "मी आत्ता थापेन रे! पण आजी रागावते. आजी हो म्हणेल, तेव्हा मी थापेन."

टिंबू गेला आजीच्या कानात. लुटुलुटु, लुटुलुटु.
"आजी, आजी, हो म्हण.
बाबा थापेना,
हात उचलेना,
दात चावेना,
पोट ढकलेना,
आतडं देईना,
टिंबूला घास मिळेना.
दमला हो टिंबू! हुश्श!"
आजी म्हणाली, "मुळीच नाही! आमच्या वेळी आजारी पोराला पेजच देत. जुई उडी मारेल, तेव्हा मी हो म्हणेन."

टिंबू गेला जुईकडे. आता त्याला चालवेना. लुटु... लुटु...
"जुई, जुई, उडी मार.
आजी हो म्हणेना,
बाबा थापेना,
हात उचलेना,
दात चावेना,
पोट ढकलेना,
आतडं देईना,
टिंबूला घास मिळेना.
दमला हो टिंबू! हुश्श!"
जुई म्हणाली, "मीपण दमले. मला बळ येईल, तेव्हा मी उडी मारेन."

बळ कोण देणार?
टिंबू.
टिंबू कधी देणार?
घास मिळेल तेव्हा.

टिंबू मटकन खाली बसला.
"हा म्हणतो तेव्हा. ती म्हणते तेव्हा. तेव्हा म्हणजे केव्हा?"
टिंबूला आला राग. एवढासा टिंबू, एवढा मोठा राग!

तो जुईच्या तोंडात शिरला. घसरला खाली. घसर्र!
आपल्या घडीत आला.
उरलंसुरलं बळ गोळा केलं, आणि लोळला. इकडून तिकडे. तिकडून इकडे.
गुड!
गुड गुड!
गुडगुड गुडगुड गुडुम्!

बाबाने ऐकलं. आजीने ऐकलं.
जुई उठून बसली.
"मला भूक लागली!"
"आले हं, पेज आणते," आजी म्हणाली.
"पेज नको!"
"थोडीशी, बाळा."
"पेज नको! पेज नको! आजी, तूच खा पेज!"

आजीने वाटी उचलली. "मी खाते की. त्यात काय?"
एक चमचा खाल्ला.
आजीचं तोंड वाकडं झालं.
दुसरा चमचा खाल्लाच नाही.
"अगं बाई! हे पोराला रोज देतोय आपण?"
बाबाने पिठाचा डबा पुढे ओढला.
आजीने डब्याकडे पाहिलं. जुईकडे पाहिलं.
"हो," आजी म्हणाली. "थाप बाबा, थाप."

आजी हो म्हणाली,
बाबाने थापली. थप थप थप!
भाकरी ताकात कुस्करली.
हाताने उचलला,
दाताने चावला,
पोटाने ढकलला,
आतड्याने दिला.
"घे रे टिंबू."
टिंबूला घास मिळाला!

आणि ताकातून कोण आलं? टिंबूसारखेच इवले इवले जंतू!
"जागा आहे का?"
"या, या! जागाच जागा आहे!"
सगळ्यांनी कोंडा खाल्ला. सगळ्यांनी बळ दिलं.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले.
तिसऱ्या दिवशी जुई उठली.
धप! धप! धप!
"पुरे गं जुई," आजी म्हणाली. "बघून बघून दमले मी. हुश्श!"
जुई म्हणाली, "आजी, तू पण ताकभाकरी खा."

टिंबूचं पोट भरलं. गोष्टीचं पोट भरलं.
आता गप्प बस. कान दे.
तुझ्या पोटात काय वाजतंय?