नाव घेतल्याशिवाय वायफाय नाही!

"पाहुण्यांना वायफळ देणार नाही म्हणजे नाही!" ढोलनगरचे राजे दुंदुभिराव भर पंगतीत गरजले.

"वायफळ नव्हे हो, वायफाय!" कनकप्रभाराणी म्हणाल्या.

"तेच ते! काम दोघांचं एकच!"

भांडण होतं तळ्याकाठच्या बंगल्यावरून. राजांनी तो सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढला होता. पैशांसाठी नव्हे हो! आपलं तळं चार लोकांनी बघावं आणि "वा! वा!" म्हणावं, एवढीच हौस. पण बंगल्यात इंटरनेट नाही म्हटल्यावर पाहुणे आल्या पावली परत जात. आणि इंटरनेट दिलं, तर ते खोलीबाहेरच येत नसत. एक कुटुंब तर निघताना खुद्द राजांनाच विचारून गेलं, "इथे जवळपास एखादं तळं आहे का हो?"

राजांना हे फार लागलं होतं.

प्रधानजींनी आपली अक्कल चालवून पाहिली. वायफायची डबी त्यांनी तळ्याकाठच्या झाडावर टांगली. "आता पाहुण्यांना तळ्यावर यावंच लागेल, महाराज!" पाहुणे आले. तळ्याकडे पाठ केली, मोबाईलमध्ये नाक खुपसलं आणि अंधार पडेपर्यंत हलले नाहीत.

"बंगलाच बंद करा!" राजांनी ताटावर मूठ आपटली. वरणाचे शिंतोडे थेट प्रधानजींच्या पगडीवर गेले.

भाकरी वाढणाऱ्या गोजराबाईचा हात थबकला. ती बंगल्यावरची स्वयंपाकीण. पाहुणे नव्हते म्हणून राजवाड्यात वाढायला आली होती. बंगला बंद म्हणजे तिची चूलही बंद! ती पटकन बोलून गेली, "एवढ्यासाठी बंगला कशाला बंद करायचा? त्यात काय अवघड हाय?"

प्रधानजींनी पगडी पुसता पुसता मान वर केली.

"अवघड नाही? मग तूच कर!" राजे डोळे वटारून म्हणाले. "पाहुण्याने इंटरनेट मागितलं तर 'नाही' म्हणायचं नाही. त्याच्यावर सक्ती करायची नाही. आणि तळं न बघता एकही पाहुणा परत जाता कामा नये! जमलं तर बक्षीस. नाही जमलं तर हत्तीखान्यात शेण काढायचं, जन्मभर!"

गोजराबाईने हत्ती पाहिले होते. त्यांचं शेणही पाहिलं होतं. तिने पदर खोचला आणि बंगल्याची वाट धरली.

पहिला पाहुणा आला तो पोट सुटलेला एक व्यापारी, सोबत बायको. आल्या आल्या त्याने विचारलं, "वायफाय आहे ना?"

"हाय की! अगदी जोरात हाय!"

"मग पासवर्ड सांगा."

गोजराबाई दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली. "असा कसा सांगू? नाव घ्या! आज तळ्यावर जे बघाल ते उखाण्यात यायला पायजे. उद्या पासवर्ड नवा, उखाणाबी नवा!"

व्यापारी हसत सुटला. बायको लाजली. पण लाजता लाजता तिने त्याला ढकलतच तळ्यावर नेलं. थोड्या वेळाने तो धापा टाकत परतला आणि घसा खाकरून म्हणाला,

"तळ्याकाठी बगळा उभा एका पायावर,
सुनंदाचं नाव घेतो, लक्ष तिचं चहावर!"

मिळाला पासवर्ड! मग तर चढाओढच लागली. कॉलेजातल्या एका मुलाचं लग्न झालेलं नव्हतं, त्याने आईचं नाव घेतलं,

"टिटवी ओरडते तळ्याच्या काठी,
विमलबाईंचं नाव घेतो वायफायसाठी!"

लोकांना उखाण्यांची अशी गोडी लागली की पासवर्ड मिळाल्यावरही ते तळ्यावरच! उद्यासाठी काहीतरी नवं सापडायला हवं ना!

पाहुणे इंटरनेटवर बंगल्याचं भरभरून कौतुक लिहितात, ही बातमी राजवाड्यावर पोचली. राजवाड्यात इंटरनेट नव्हतं, म्हणून ते वाचायला राजे राणीसाहेबांना घेऊन मेण्यातून निघाले, मागोमाग प्रधानजी, आणि राजे वाटभर घोरले. बंगल्याच्या पायरीवर उतरताच त्यांनी मोबाईल पुढे केला.

"गोजरे, पासवर्ड!"

गोजराबाईने दार अडवलं. "नाव घ्या, महाराज!"

"मला अडवतेस? ही सक्ती आहे! सक्ती करायची नाही असं ठरलं होतं!"

"लग्नात करवल्या दार अडवतात, त्याला कुणी सक्ती म्हणतं का? उलट न्हाई अडवलं तर नवरदेव रुसतो!"

राणीसाहेब तोंडाला पदर लावून हसल्या. राजांनी मिशीला पीळ दिला. मग छाती फुगवून ते म्हणाले,

"तळ्यात फुललं लाल लाल कमळ,
कनकप्रभेचं नाव घेतो, मन तिचं निर्मळ!"

"चालणार न्हाई!" गोजराबाई म्हणाली.

"का?"

"तळ्यात कमळं हायेत कुठं? म्हशींनी खाऊन दोन वर्सं झाली!"

प्रधानजींनी पगडी डोळ्यांवर ओढून घेतली. राजे तांबडेलाल झाले. जगाला तळं बघायला लावणाऱ्या राजाने स्वतः ते दोन वर्षांत पाहिलं नव्हतं! ते तरातरा तळ्याकडे गेले. परत आले ते गुडघाभर चिखलात माखून, पण चेहरा उजळलेला.

"तळ्यात डुंबते म्हैस, शिंगावर कावळा,
कनकप्रभेचं नाव घेतो, रंग तिचा सावळा!"

"म्हशीच्या शेजारी माझं नाव?" राणीसाहेब कडाडल्या. मग त्यांनाच हसू फुटलं. "असू दे! लग्नानंतर आज पहिल्यांदा नाव घेतलंत!"

"गोजरे, तू जिंकलीस!" राजे म्हणाले. "पण खरं सांग, राजाला अडवताना भीती नाही वाटली?"

"भीती कसली, महाराज? दार अडवणाऱ्याने माणूस बघायचा नसतो. ज्याला आत यायचं, त्यानं नाव घ्यायचं!"

राजे असे खदखदून हसले की तळ्यातले बगळे उडाले. त्यांनी गळ्यातला कंठा काढून गोजराबाईच्या हातात दिला, शिवाय ती म्हैसही बक्षीस दिली, शिंगांना सोन्याच्या शेंब्या चढवून!